बंबात शेवटची बादली

मंडळी, आज काटेवाडीत हाडं गोठवणारी थंडी, आणि पहाटेच लाईट गेली. गिझर बंद. लेकीनं तर आंघोळीची गोळी घ्यायचंच ठरवलं.

आई म्हणाली, "गोठ्यातला बंब काढ की. तांब्याचा हाय, त्याला काय धाड भरलीया?"

बंब घासला, पाणी भरलं, दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांची बुरकुंडं पेटवली. तो धूर नाकात गेला आणि मी पुन्हा शाळेतला झालो. तोटीपुढं बादल्यांची रांग, आम्ही चार भावंडं, आणि वडिलांचा म्हणजे तात्यांचा एकच नियम : गरम बादली काढली की गार बादली ओतायची, मागच्यासाठी.

आज पहिली आंघोळ माझी. मस्त अंग शेकून बाहेर आलो, तर आई ओरडली, "गार वतलंस का रं? खाली जाळ हाय!"

साफ विसरलो होतो. गिझर आल्यापासून आपल्या मागं कोण आहे हे बघायची सवयच गेली.

सगळ्यांचं झाल्यावर आईनं आंघोळ केली, आणि तिनंही बंबात बादली ओतली.

मी म्हणालो, "आता कोण ऱ्हायलंय?"

तात्यांना जाऊन पाच वर्षं झाली.

ती म्हणाली, "तुझं तात्या उसाला पाणी देऊन सगळ्यांच्या शेवटी यायचं. हात आपसूक जातोय बग."

दहाला लाईट आली. जाळ मात्र मी दुपारपर्यंत विझू दिला नाही.

तुमच्या घरी सगळ्यांच्या शेवटी आंघोळ कोण करायचं?