द्रव्य का उरलं, याची पाटी

बाई गेल्याचं कळलं तेव्हा पेंटरच्या ध्यानात आलं की, आपल्याला त्यांच्याबद्दल जवळजवळ काहीच माहीत नाही. घरी एक थोरली बहीण होती म्हणे. चहा बिनसाखरेचा लागायचा. राग कायम नाकावर. यापलीकडे काय? विज्ञान प्रदर्शनाच्या शेवटच्या दालनात दोघांनी कित्येक वर्षं काढली. त्या बोलायच्या, तो पाट्या रंगवायचा. एवढ्या ओळखीवर कुणाबद्दल सांगणं म्हणजे आगाऊपणाच. पण एक भांडण त्याने जवळून पाहिलं होतं, तेवढं तरी खात्रीचं.

बाई मुलांना दालन समजावून सांगत. त्यांच्याकडे ओल्या वाळूची एक परात असे. वाळू सपाट करून त्या मूठभर उकरत आणि शेजारी ढीग घालत.

"हा ढीग म्हणजे द्रव्य, हा खड्डा म्हणजे प्रतिद्रव्य. जुळी भावंडं, एकदमच जन्मलेली. आणि भेटली की?" ढीग खड्ड्यात लोटून त्या हात फिरवत. "दोघंही गायब! उरतो नुसता उजेड. विश्वाच्या सुरुवातीला असंच झालं. मग सगळं सपाट व्हायला हवं होतं ना?"

आणि मुठीतून चिमूटभर वाळू त्या सपाटीवर पडे.

"मग हे कुठून आलं? तुम्ही, मी, ही भिंत, ती मागची चुळबुळणारी रांग, सगळे या चिमटीतले!"

कुणीतरी ओरडतंच, "बाई, तुम्ही मुठीत लपवली होती!"

"मी लपवली होती रे. तिथे कुणी लपवली?"

मग बाई भिंतीवरच्या पाटीची शेवटची ओळ मोठ्यांदा वाचत: 'द्रव्य का उरले, हे अजून कोणालाही नीट माहीत नाही.' द्रव्य-प्रतिद्रव्यात थोडा फरक सापडलाय, पण तेवढ्याने भागत नाही, हेही सांगत. खुद्द त्यांनाही त्यातलं सगळं कळत होतं असं नाही. कळत नसलं की त्या तसं सांगत, आणि तेही जरा घुश्शातच.

मग प्रदर्शनाला नवे साहेब आले. तपासणी समितीची भेट ठरली. आदल्या दिवशी साहेबांनी पाटी वाचली आणि पेंटरला हाक मारली. "ही शेवटची ओळ घालवा. तिथे लिहा, 'द्रव्य अधिक बलवान असल्याने जिंकले.'"

बाई परात तशीच ठेवून पुढे आल्या. "बलवान? कुस्ती होती का ती, साहेब?"

"बाई, लोक उत्तरं मिळतील म्हणून येतात. आपणच हात वर केले तर उद्या इकडे कोण फिरकेल?"

"म्हणून वाट्टेल ते सांगायचं?"

"सोपं केलंय मी."

"सोपं नाही, लबाड केलंय! पोरांच्या तोंडावर धडधडीत खोटं सांगायचं, आणि तेही आपल्याच भिंतीवरून?"

"सांगायचं नसेल तर तिकिटांच्या खिडकीत बसा," साहेब शांतपणे म्हणाले आणि निघून गेले.

पेंटर काही हरिश्चंद्र नव्हता. एकाच रस्त्यावरच्या तीन दुकानांवर त्याने 'एकमेव विश्वासू दुकान' असं रंगवलेलं होतं, आणि हात जराही अडखळला नव्हता. इथे मात्र जुन्या ओळीवर पांढऱ्या रंगाचा हात मारला आणि पुढे कुंचला उचलवेना. 'बलवान'मधला ब काही उमटेना. पट्टी कोरीच ठेवून तो घरी गेला. आपण मोठीच मर्दुमकी गाजवली असं त्याला वाटत होतं.

सकाळी बाई पाटीसमोर उभ्या राहिल्या.

"हे काय?"

"त्यांचं नाही लिहिलं," तो हळूच म्हणाला.

"आणि आपलं?"

"ते... घालवावं लागलं."

"अहो पेंटर, तुम्हीसुद्धा?" बाईंचा आवाज फाटला. "कोरी पट्टी! म्हणजे विचारण्यासारखं काही नव्हतंच इथे! 'माहीत नाही' आणि 'काहीच नाही' यात फरक दिसत नाही तुम्हाला? इतकी वर्षं मी भिंतीशी बोलत होते का?"

पेंटरला ते झोंबलं. आधी राग बाईंचा आला. कौतुक राहिलं बाजूला, वर बोलणी! मग साहेबांचा आला. आणि मग स्वतःचा आला, तो मात्र उतरेना. कुणीही यावं, काहीही सांगावं, आपण वळणदार अक्षरात रंगवून द्यावं. वर हात स्वच्छ! शिडी लावून त्याने काळा डबा उघडला आणि जुनीच ओळ पहिल्यापेक्षा मोठी काढायला घेतली. पांढरा रंग दमट हवेत नीट सुकला नव्हता, काळा त्यावर धरेना. पण थांबायला वेळ कुठे होता?

साहेब दारात आले. "पेंटर! काय चाललंय हे?"

जन्मात कुणाला नाही न म्हटलेला पेंटर शिडीवरूनच म्हणाला, "खरं आहे ते लिहितोय. दुसरं हवं असेल तर दुसरा माणूस बघा."

साहेब लालबुंद झाले. पण बाहेर समितीची गाडी थांबली होती.

पुढे व्हायचं तेच झालं. बाई खिडकीत गेल्या, पेंटरला पुन्हा बोलावणं आलं नाही, आणि दोघांची गाठही पडली नाही. त्या दुपारी मात्र दालन बाईंचंच होतं. त्या परात घेऊन आल्या, मान वर करून पाटी वाचली.

"'नाही'चा काना ओघळलाय, पेंटर."

"ओला होता, बाई."

"असू दे. ती शिडी तेवढी बाजूला घ्या, पोरं आत येताहेत."

"घेतो," तो म्हणाला.