देवीला न दिलेला रेडा

"धर्मा, शेवटचं इचारतो. रेडा कापतोस का गाव सोडतोस?"

"दोन्ही न्हाई, पाटील. माज्या देवाला कुनाचं रगात लागत न्हाई. त्यानं सोताचंच दिलंय."

"मग तुजंबी घेऊ थोडं!" दौलतराव पाटलांनी कासरा उचलला.

चाकणच्या अलीकडचं गाव, साल त्रेपन्न. धर्माजी दोरखंडं वळणारा. मरीआईच्या जत्रेत रेडा कापायचा मान पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घराचा. दोन वर्षांमागं त्यानं बाप्तिस्मा घेतला आणि कोयता आढ्याला खोचला तो खोचलाच. यंदा पटकीनं सात माणसं नेली, अन् खापर त्याच्यावर फुटलं.

पाठीचं कातडं सोललं तरी कासरा वाजतच होता. "तुटत कसा न्हाई ह्यो?" पाटील धापा टाकत म्हणाले.

"मीच वळलाय," धर्माजी ओठावरचं रक्त पुसत म्हणाला. "तुमचं नुसकान व्हायचं न्हाई."

कुणीतरी फिस्सकन हसलं. त्या हसण्यापायी पाटलांनी त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं दगडावर ठेवून ठेचली.

मग त्याच्याच घरातला कोयता आणून गेनबाला दिला. गेनबा साधा शेतकरी गडी, कोंबडीच्या पुढं त्याचा हात कधी गेला नव्हता. घाव मानेवर बसायचा तो खांद्यात रुतला. रेडा उसळला. धरणाऱ्या चौघांना फरफटवत पाटलांवर गेला, मांडीत शिंग खुपसून त्यांना पाराशी चेपून धरलं. माणसं वाट फुटंल तिकडं पळाली.

धर्माजी उठला. पडलेला कोयता डाव्या हातानं उचलला. गळ्यावर एकच घाव घातला. रेडा गुडघ्यांवर बसला, मग आडवा झाला.

"कापला! आईनं करून घेतलंच!" लांबून ओरडा उठला.

"आईला न्हाई दिला," धर्माजी म्हणाला. "मानूस मरत हुता, जनावराचे हाल हुते. मानाचं मुंडकं मला नगं."

पाटलांनी मांडी दाबून धरली. "घरी जा," एवढंच बोलले. गाव सोडायचं नाव काढलं नाही.

घरी बायको भागूबाई बोटांना चिंधी गुंडाळता गुंडाळता कडाडली, "तुमच्या येशूला म्हनावं, निदान बोटं तरी राखायची!"

"आठ राखली की गं. भाकर मोडायला दोन-चार बास झाली. पोटाला हाय, तू हाइस. आनी काय पायजे?"

"आन दोरासाठनं घायपात काय दातानं ठेचनार?"

"मोगरी दे हिकडं."

भिजलेल्या घायपाताचा भारा त्यानं पायानंच ओढला, मोगरी डाव्या हातात धरली आणि पानं ठेचायला बसला.