सोजराबाईचा मैल

सुलतानपूरहून बीबीकडं जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर इंग्रजांच्या वेळी नाका होता. आडवी बल्ली टाकून कापसाच्या गाड्या अडवायचे. पट्टी दिल्याशिवाय बैलाला पाऊल उचलू द्यायचे नाहीत. पुढं पट्टी गेली, बल्ली गेली, चौकी पडली. राहिला तो चौकीजवळचा मैलाचा दगड. डोकं गोल, अंगाला चुना, पोटावर काळा आकडा.

सोजराबाई या रस्त्यावरची मजूर. दरसाल दिवाळीनंतर गँगमधल्या बाया दगडांना चुना द्यायच्या. बाकीचे दगड कोणीही रंगवो. नाक्याच्या दगडाला दुसऱ्या कोणी हात लावला की सोजराबाईचं तोंड सुटायचं.

"तो दगड काय तुह्या बापानं आंदण देला व्हय?" मुकादम उकंडराव नवा होता तेव्हा त्यानं विचारलं.

"बापानं नाही. माह्या पोरीनं देला."

मग त्याला कोणीतरी बाजूला घेऊन सांगितलं. सोजराबाई आणि तिचा नवरा कडूबा जवानीत इथं खडी फोडायला होते, रस्त्याकडेलाच पालात राहत. उन्हाळ्यात तान्ही मुलगी हगवणीनं गेली. कडूबा तिला हातावर घेऊन जवळच्या गावात गेला. तुम्ही महार, त्यात परगावचे, आमच्या शिवारात माती देऊ नका, असं गावानं तोंडावर सांगितलं. मेलेली पोर घेऊन बाप तसाच उन्हातून परत आला. दोघांनी पहारीनं नाक्याच्या दगडामागं खड्डा केला. रस्त्याची जागा सरकारची. तिथून हाकलायला कोणाचा बाप येणार नव्हता.

पुढं दोघांनी बुद्धाची दीक्षा घेतली. देव्हाऱ्यातले टाक सोजराबाईनं स्वतः नेऊन पैनगंगेत सोडले. कडूबाही गेला. दगड तेवढा राहिला.

महाराष्ट्र झाला, आणि काही वर्षांत मैल जाऊन किलोमीटर आले. जुने दगड उपटून मोरीच्या बांधकामात टाका, असा हुकूम आला. नाक्याच्या दगडाची पाळी सोमवारी होती.

उकंडराव मनाचा वाईट नव्हता. त्यानं हळूच सांगितलं, "बाई, शेंदूर फास त्याले. शेंदराच्या दगडाले सायबबी पहार लावू देत नाही."

"म्या देव सोडले, उकंडराव."

"तू सोडले. सायबानं थोडीच सोडले?"

मूठभर शेंदूर, आणि पोरीची खूण जागच्या जागी! सोजराबाई त्या संध्याकाळी दुकानापर्यंत गेली. पुडी मागायला तोंड उघडलं आणि तशीच परत फिरली.

सोमवारी गँग पोचली तर दगड लालभडक. पुढं नारळ, झेंडूची फुलं. शेजारच्या मळ्यातली सरस्वतीबाई माळीण तेलकट हात घेऊन उभी होती.

"उकंडरावाचं बोलनं म्या ऐकलं. तुह्याच्यानं झालं नसतं, म्हून म्या लावला," ती म्हणाली. "माहंबी एक गेलं व. मले समजते."

गड्यांनी वहाणा काढल्या. उकंडरावानं सुटकेचा निःश्वास टाकला. सोजराबाई पुढं झाली, तिनं दगडाच्या डोक्यावर हात ठेवला, आणि गँगमधला गुलाबराव ओरडला, "ए, सरक मांगं! देव हाय तो आता."

परवा हाच गुलाबराव तिच्याशेजारी बसून जेवला होता.

तिनं हात काढला नाही.

"ऐकलं का, सरस्वतीबाई? रातभरात दगड देव झाला, अन् चुना देनारीचा हात बाटला. उद्या ओटा येईन, परवा पुजारी. मंग मले म्हनतीन, सोजरे, दुरूनच पाय पड. माह्याच पोरीपाशी मले उभं राहू देनार नाहीत. माही पोर देव नव्हती, बाई. मानूस होती. मानूस म्हून तिले जागा भेटली नाही, म्हून इथं ठेवली."

तेलातला शेंदूर पाण्यानं जात नाही. तिनं गँगच्या कंदिलातलं रॉकेल पोत्याच्या तुकड्यावर ओतलं आणि घासायला बसली. मग सरस्वतीबाईही पदर खोचून दुसऱ्या बाजूनं घासू लागली. गुलाबराव पाठ करून बिडी ओढत होता. घासता घासता शेंदूर गेला, चुना गेला, खालचा काळा दगड उघडा पडला.

सोजराबाईनं गड्याच्या हातातली पहार घेतली. "पयला घाव माहा. अन् मांगून नाही, समोरून उकरा."

गड्यांनी समोरूनच उकरलं. वर दिसत होता त्याहून जास्त दगड जमिनीत होता, अनघड आणि ओला. तो गाडीवर चढून मोरीकडं गेला तेव्हा तिनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. ती खड्डा भरत होती. जन्मभर धुमसानं मुरूम ठोकणारी बाई. ही माती मात्र तिनं तळहातानं थापली.

नवा दगड तिथून बराच पुढं बसला. त्याला कोणीही चुना द्यायचं. सोजराबाईचं काही म्हणणं नसे. फक्त तिथवर जाताना मध्येच एका जागी ती चुन्याची बादली खाली ठेवायची, लुगड्याला हात पुसायची, आणि मग पुढं चालायची.