पंचतुफानात चारच

आठवडी बाजारात गिऱ्हाईक आधी दोरी पाहतं, मग दुकानदाराचं तोंड. इंदुताईच्या पालात पुढच्या दोरीवर पोरांचे टीशर्ट, मागच्या दोरीवर पोरींचे फ्रॉक आणि बायांचे गाऊन व बाकी सुटा माल खाली ढिगात, अशी मांडणी. ती तिच्या नवऱ्याने, लटारूने, बसवलेली. त्याची कंबर गेली तसा धंदा तिच्याकडे आला, मांडणी मात्र तीच राहिली. पहिल्या वर्षी मूल गावातल्या तिच्या शेजारणी म्हणाल्या होत्या, "बाईमाणूस अन् भामरागडच्या जंगलात बाजार कराले जाते?" इंदुताई कढई घासत होती. मान वर न करता म्हणाली, "जाते. वाघ काय कपडे उधार मागते?"

पाल उभा झाला की बांबूला महाकालीचा फोटो अडकवायचा, एक उदबत्ती लावायची, हात जोडायचे आणि मगच तोंड उघडायचं, हा तिचा नेम. "अन् एकदा उघडलं का बाजार उठल्यावरच बंद होते," असं सादिकभाई म्हणायचे. सादिकभाईंचा बांगड्यांचा धंदा. टेम्पो त्यांचा, अर्धं भाडं इंदुताईचं.

डिसेंबरात भामरागडच्या वाटेवरच्या एका गावच्या बाजारात बुधरी आली. आश्रमशाळेतली, सातवीतली पोरगी. तेल चोपडून घातलेल्या दोन वेण्या, लाल रिबिनी. पुढच्या दोरीकडे टक लावून उभी राहिली.

"पंचतुफानवाली टीशर्ट आहे?"

"आहे ना माय. भावाले घेतं का?"

"मले."

इंदुताईने काठीने एकेक शर्ट खाली काढला. पंचतुफान म्हणजे टीव्हीवरचं कार्टून. वसतिगृहात रविवारी सगळी पोरं डोळे फाडून पाहतात. पाच वीर, आणि त्यांची म्होरकी अरणी. तळहातातून आग काढते. बुधरीच्या म्हणण्याप्रमाणे बाकीचे चौघे संकट आलं की हिच्याच पाठीमागे लपतात. प्रत्येक शर्टावर एकेकाचा मोठा चेहरा होता आणि वर अक्षरं, पंचतुफान. वारा नावाचा वीर होता, पाणी होता, दगड होता, वीज होता.

"अरणी कुठी आहे?"

इंदुताईने गठ्ठा उसकटला, खालची पिशवी उलटी केली. अरणी नव्हती.

मग पोरीने हळूहळू सांगितलं. शाळेच्या स्नेहसंमेलनात सर पंचतुफानचं नाटक बसवत होते. वेशभूषेला वेगळं काही आणायचं नाही, ज्याच्या अंगात ज्याचा शर्ट त्याचं ते काम, असा सरांचा नियम. चार पोरांनी चार शर्ट मिळवले. अरणीचं काम बुधरीला पाठ होतं, पण शर्ट कुठेच नव्हता.

"सर म्हणते, टीशर्ट नाई भेटली तर अरणीले गाळू. तू झाडाले बांधलेली राजकुमारी हो म्हणते."

"मग? व्हायचं नाई तुले?"

"नाई. तिले एकच वाक्य आहे."

"कोणतं?"

"वाचवा."

इंदुताईने काठी बाजूला ठेवली. "पुढच्या बाजाराले आणते," ती म्हणाली. "महाकालीची आण. तू पाठांतर सोडू नको."

चंद्रपूरला गुणवंतरावांचं ठोक दुकान. इंदुताई त्यांची जुनी गिऱ्हाईक. टेम्पो घेऊन सादिकभाईही सोबत होते. तिने चहाला हात लावायच्या आधीच विचारलं.

"अरणी? ते नाई येत," गुणवंतराव म्हणाले.

"काऊन नाई येत?"

"छापतच नाईत. बाईचं चित्र पोरं घालत नाईत ना ताई."

"अन् पोरी?"

"पोरींचा माल अलग आहे." त्यांनी मागून गुलाबी शर्टांची थप्पी ओढली. शर्टावर चौघे वीर दात काढून उभे. मधली जागा, जिथे अरणी उभी राहायची, तिथे एक लाल बदाम. खाली इंग्रजी. "नागपुरात धडाधड उठते हा माल."

"काय लिहिलं आहे हे?"

"लिहिलं आहे, माझ्या वीरा, मले वाचव." गुणवंतराव हसले. "पोरीबाळींले आवडते असं."

इंदुताईने आतली चिठ्ठी पाहिली. बारा वर्षांच्या पोरीचं माप. तिच्या कानशिलाची शीर उडायला लागली. सादिकभाईंनी ती पाहिली आणि ते चहाचा कप घेऊन दाराशी सरकले.

"गुणवंतराव, वर काय लिहिलं आहे?"

"पंचतुफान."

"पंच म्हणजे किती?"

"आता ताई…"

"पाच लिहितं अन् चार छापतं? बदाम लावला तिच्या जागी! म्होरकी ते आहे. सारी पोरं तिच्या मागं लपते, अन् शर्टावरून तिलेच हाकललं? अन् जिच्या अंगावर घालाचं, तिच्याच तोंडून म्हणवतं, मले वाचव! कोणापासून वाचव? बारा वर्षांची पोट्टी, तिले कोणाचं भेव आहे हे तरी ठाऊक आहे का तुमाले?"

"मी कुठी छापतो? मी तर विकतो."

"तुमच्या गल्ल्यावर फोटो कोणाचा आहे?"

गुणवंतरावांनी वळून पाहिलं. हार घातलेली महाकाली. "आईचा."

"तिच्या हातात बदाम आहे का? हे कोणाले म्हणते वाचव म्हणून?"

"देवाची गोष्ट अलग, मालाची अलग," ते पुटपुटले.

"हो ना. सकाळी उदबत्ती लावाची अन् दिवसभर तिचा चेहरा पुसाचा. चांगला धंदा आहे." तिने गुलाबी थप्पी काउंटरवर आपटली आणि चहा तसाच टाकून निघाली.

टेम्पोत ती बडबडतच होती. सादिकभाईंनी बरंच ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बात तो सही आहे ताई. पर तुमच्या दोरीवर भी पुढे पोट्टेच टांगलेले असते."

इंदुताईने तोंड उघडलं आणि मिटलं. मूल गाव येईपर्यंत ते मिटलेलंच होतं.

पुढच्या बाजाराला बुधरी पाल उभा व्हायच्या आधी येऊन उभी होती. इंदुताईने उदबत्ती लावली, हात जोडले, आणि सरळ सांगितलं, "नाई भेटली माय. छापतच नाईत."

पोरगी रडली नाही. तिने ढिगातले कपडे वरखाली केले. मग बोट दाखवलं. "ते काळी द्या."

"ते साधी आहे. बाप्याची आहे. चित्र नाई त्यावर."

"अरणी काळीच घालते. तिच्या अंगावर तिचं चित्र कुठी असते?"

इंदुताई खळखळून हसली. आणि हसता हसता तिला पुन्हा राग आला. एवढ्या मोठ्या कारखान्यांनी जी जागा खाऊन टाकली, ती या लेकराने आपल्या डोक्याने भरून काढायची. काऊन?

पाल सादिकभाईंच्या हवाली करून ती पोरीला घेऊन तडक शाळेत गेली. सर व्हरांड्यात तालीम घेत होते. काळा शर्ट पाहून म्हणाले, "पण बाई, नियम सगळ्यांना सारखा. याच्यावर अरणी नाही."

"शर्टावर नाई, शर्टात आहे. म्हणून दाखव गं."

बुधरीने तळहात पुढे केला आणि अरणीचं सगळं काम एका दमात म्हणून टाकलं. मागे उभ्या असलेल्या चौघांपैकी एक जण तर सवयीने तिच्या पाठीशी जाऊन उभाही राहिला.

सर हसले. "बरं, होऊ दे ही अरणी. पण मग राजकुमारी कोण होणार?"

"तुमच्याकडे पोट्टे कमी आहेत का सर? एकाले बांधा झाडाले. एकच तर वाक्य आहे, पाठ होईल त्याले."

पालात परत आल्यावर तिने पुढच्या दोरीवरचे वारा, पाणी, दगड, वीज सगळे खाली उतरवले आणि गाऊनशेजारी ढिगात टाकले. सादिकभाई बांगड्या सोडून पाहत राहिले. तिथे टांगायला तिच्याकडे अरणी नव्हती, आणि दुसरं काही तिने टांगलं नाही. संध्याकाळपर्यंत विक्री निम्म्यावर आली. एका गिऱ्हाइकाने विचारलं, "बाई, दोरी रिकामी काऊन हो?"

"तिचा माल आला नाई अजून," इंदुताई म्हणाली, आणि गाऊनची घडी जरा जोरातच झटकली.