आणखी कोणी बघितलं?

दौलतमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी गवारीच्या शेंगा मोडत बसले होते. माकणीहून त्यांच्या सुनेचा, रेखाचा फोन होता. "ताई, मामा गेले," एवढंच ती म्हणाली आणि फोन तसाच चालू राहिला. पलीकडून बायकांचे आवाज येत होते, कुणीतरी कुणाला पाणी मागत होतं, आणि त्या सगळ्याच्या मागं कुठंतरी लांब टिटवी ओरडली... मला रडू यायला हवं होतं. मी मात्र ती टिटवी धरणाच्या बांधाच्या अलीकडं आहे की पलीकडं, हे कान देऊन ऐकत राहिले. असलं वेड मला लावलं ते मामांनीच. नाहीतर लोहाऱ्याच्या तहसील कचेरीत तीस वर्षं लोकांना उतारे देणाऱ्या बाईला टिटवीचं काय?

मामा आमच्या नात्यागोत्यातले नव्हेत. रेखा सासऱ्याला मामा म्हणायची, म्हणून आम्ही सगळेच म्हणायला लागलो. उभी नोकरी त्यांनी धरणावर केली. रोज सकाळी पाण्यातल्या पट्टीवर पातळी बघायची आणि वहीत लिहायची, हे त्यांचं काम. धुकं असो, पाऊस असो, पट्टी दिसेपर्यंत हा माणूस तिथं उभा राहायचा. अंदाजानं आकडा लिहिलेला त्यांना खपायचा नाही. निवृत्त झाल्यावरही पाय तिकडंच वळायचे. हिवाळ्यात लातूरहून, सोलापूरहून पक्षी बघायला लोक यायचे आणि वाट विचारायचे. मामा वाट दाखवता दाखवता पुढं चालायला लागले, आणि मग दर हिवाळ्यात, रविवारी सकाळी, त्यांच्या मागं दहा-पंधरा माणसांची रांगच लागायला लागली.

मला तिथं ओढून नेलं आमच्या शेजारच्या स्वातीनं. ती शाळेत शिकवते. मी नुकतीच निवृत्त झाले होते आणि घरात बसून भांड्याकुंड्यांवर राग काढत होते. पहिल्या दिवशी मी लालभडक शाल पांघरून आणि हातभर बांगड्या घालून गेले. मामांनी वरपासून खालपर्यंत बघितलं. "ताई, शाल उलटी करून घ्या, आतला रंग बरा हाय. आन् बांगड्यावर रुमाल बांधा, लई वाजतेत." अख्ख्या तालुक्यात मला असं सांगायची कुणाची टाप नव्हती. मी फणकाऱ्यानं रुमाल बांधला, आणि नंतरची सहा वर्षं दर रविवारी बांधत राहिले.

त्या सकाळी आठवल्या की आजही मला त्या जागेपणी बघितलेल्या वाटत नाहीत. जीप आम्हाला बांधाशी सोडून जायची. पाणी कुठं संपलं आणि आभाळ कुठं सुरू झालं ते कळायचं नाही. एका ओळीत आम्ही ओल्या गवतातून चालायचो, कुणी बोलायचं नाही, पुढं मामांची मफलर गुंडाळलेली पाठ तेवढी दिसायची. मग त्यांचा हात हळूच वर व्हायचा, सगळी रांग थांबायची आणि धुक्यातून बदकांचे नुसते आवाज यायचे. कुजबुजल्यासारखे, बाजूच्या खोलीत कुणी झोपेत बोलत असावं तसे... आम्ही कितीतरी वेळ तसेच उभे राहायचो. पायातले बूट भिजायचे, नाक गळायचं, आणि तरी तिथून हलावंसं वाटायचं नाही.

एकदा एका ठिकाणी थांबून मामा म्हणाले, "इथं खाली आमचं रान. ती पाणकोंबडी हाय बघा, तिच्या बरोबर खाली हीर." सगळे वाकून पाण्यात बघायला लागले, जणू दिसणारच होती. मला मात्र आमच्या कचेरीतली रजिस्टरं आठवली. 'बुडीत' हा शब्द मी किती वेळा वाचला असेल, शिक्का मारला असेल आणि चहाला गेले असेन. त्याच्या खाली कुणाची विहीर असते हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मला लाज वाटली. मामांना तसं म्हणाले, तर ते म्हणाले, "जाऊ द्या, आता तिथं माशे ऱ्हातेत. त्येंचं बरं चाललंय."

फेरी संपली की बांधाच्या दगडांवर बसून सगळे डबे उघडायचे. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, लातूरचे डॉक्टर आणायचे ती केळी. आणि मग यादी. स्वाती एकेका पक्ष्याचं नाव वाचायची, आणि मामांचा नियम असा की निदान दोघांनी बघितला असेल तरच तो वहीत जाणार. एकानं म्हणायचं "बघितला", आणि मामा विचारायचे, "आणखी कोणी बघितलं?" कुणीच बोललं नाही तर काट. मग तो कितीही दुर्मिळ असो, बघणारा कितीही शिकलेला असो. डॉक्टर एकदा चांगलेच चिडले होते. मामा त्यांना म्हणाले, "तुमाला दिसलं न्हाय असं कोण म्हणतंय? तुमाला दिसलं, ते तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. वही सगळ्यांची हाय."

चौथ्या हिवाळ्यात माझ्या ध्यानात आलं की मामा दुर्बीण लावतात खरी, पण ती रिकाम्या पाण्यावर असते. आवाजावरून, सवयीवरून ते सांगतात आणि ते बरोबर निघतं. गप्प बसलेला पक्षी मात्र त्यांना दिसत नाही. काचबिंदू होता. दृष्टी कडेकडेनं विझत चालली होती आणि परत येणार नव्हती. हे मला रेखानं सांगितलं आणि वर म्हणाली, "कुणाला बोलू नगा ताई. रविवार गेला तर मामा हातरूण धरतेल." मी कशाला बोलते! मी नुसती त्यांच्या शेजारी चालायला लागले. पुटपुटल्यासारखं म्हणायची, "डावीकडं, बाभळीखाली, तीन." आणि मामा मागं वळून सगळ्यांना सांगायचे, "डावीकडं बघा, बाभळीखाली." दोन हिवाळे आम्ही असे काढले. त्यावर आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही, आणि खरं सांगते, माझ्या आयुष्यात मी इतकी कुणाच्या उपयोगी कधी पडले नव्हते. मला त्याचा गर्व होता.

मग मागच्या फेब्रुवारीतला तो रविवार आला. धुकं दाट होतं. मी जरा मागं रेंगाळले होते तेवढ्यात मामांचा हात वर झाला. "काळा करकोचा. पल्याड, उथळात." सगळ्यांच्या दुर्बिणी वळल्या. मीही बघितलं. पाण्यात अर्धं बुडालेलं बाभळीचं काळं खोड होतं, बाकी काही नव्हतं. डॉक्टरांनी माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. यादी वाचताना स्वाती अडखळली, "काळा करकोचा... मामांनी बघितला." आणि मामांनी काही विचारायच्या आत मी म्हणाले, "मी बघितला."

मामांनी मान माझ्या आवाजाकडं वळवली. "काय करत व्हता?"

"उडाला," मी म्हणाले. "बेटाकडं गेला."

मग मामा स्वातीला म्हणाले, "काट मारा त्येच्यावर." जीपकडं जाताना त्यांनी मला मागं थांबवलं. "ताई, ते खोड व्हतं. पुढं गेल्यावर माझ्या ध्यानात आलं, ते हाललंच न्हाय. यादीत म्या सांगणारच व्हतो. तवर तुमी त्येला उडवलं!" मला हसू आलं आणि रडूही आलं. मामा मात्र हसत नव्हते. "तुमच्या डोळ्यानं म्या बघतोय, ते चालतंय. पर तुमी माझ्या डोळ्यानं बघाया लागलाव, तर मंग बघतंय कोण?"

पुढच्या रविवारी त्यांनी सगळ्यांना बांधावर बसवून सांगून टाकलं की आता मला दिसत नाही, आता स्वातीच्या मागं चाला. दुर्बीण तिच्या गळ्यात घातली आणि एकटे घरी निघून गेले. मी त्यांच्या मागं गेले नाही. मला राग आला होता. एवढं झाकलं, एवढं सांभाळलं, आणि या माणसानं एका वाक्यात सगळं उघड्यावर मांडलं! राग ओसरला तेव्हा खाली जे होतं ते जास्त वाईट होतं. माझ्या एका खोट्यानं त्यांचा रविवार गेला होता. मी ते खोटं बोलले नसते तर आणखी एखादा हिवाळा निघाला असता की. मग मला तोंड दाखवायची हिंमत होईना. आज जाऊ, उद्या जाऊ करत उन्हाळा गेला, पावसाळाही गेला. लोहारा ते माकणी असं लांब ते किती! पण न जाणाऱ्याला उंबराही लांबच.

ऑक्टोबरात रेखाचा निरोप आला, "मामा तुमची आठवण काढतेत." मी दुसऱ्या दिवशी सकाळीच गेले. जीपमधून धरणावर उतरले, बांधावर जरा थांबले आणि मग गावात शिरले. मामा ओसरीवर खाटेवर पडले होते, अगदी एवढेसे झाले होते. "जयभीम ताई," ते म्हणाले. पावलांवरून ओळखलं होतं. मी त्यांचा हात धरला आणि सगळं एकदम बोलले. चुकले म्हणाले, माझ्यामुळं तुमचा रविवार गेला म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं. "तुमच्यामुळं कशाला? त्या दिवशी खोड व्हतं, उद्या एखाद्या पोराला खड्ड्यात घातलं असतं," ते म्हणाले. मग जरा थांबून, "ते ऱ्हाऊ द्या. पाण्यावर काय आलंय ते सांगा. ह्ये सगळे म्हणतेत, तांबडी बदकं आली."

तांबडी बदकं म्हणजे चक्रवाक. थंडीबरोबर येतात, धरणाचं पाणी त्यांनी केशरी होतं. मामांचा जीव त्यांच्यावर. खाटेमागं रेखा उभी होती. तिनं माझ्याकडं बघून मान हलवली, हो म्हणा. घरच्यांनी, शेजाऱ्यांनी, भेटायला आलेल्या पाहुण्यांनी, सगळ्यांनी त्यांना सांगून ठेवलं होतं की आलीत मामा, लई आलीत. मी तर आत्ताच बांधावरून आले होते. माझ्या जिभेवर 'हो' आलं होतं. एक शब्द, आणि एका मरणाऱ्या म्हाताऱ्याचं समाधान...

"न्हाय मामा," मी म्हणाले. "काहीच आलं नाही अजून. पाणी रिकामं आहे."

रेखानं तोंड फिरवलं. मामांनी मोठा श्वास सोडला आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "मला वाटलंच," ते म्हणाले. "रोज पहाटंला कान लावून पडतो म्या. आवाज न्हाय. म्हनलं, समदे म्हणतेत आलीत, मंग मला ऐकू बी येत न्हाय का काय..." ते हसले. कान शाबूत असल्याचा त्यांना केवढा आनंद झाला होता! बोलता बोलता त्यांचा डोळा लागला, आणि मी बराच वेळ तशीच बसून राहिले. रेखा माझ्याशी बोलली नाही. दारापर्यंत सोडायलाही आली नाही.

नऊ दिवसांनी मामा गेले. बदकं तेव्हाही आलेली नव्हती.

या गोष्टीला आता महिना होत आला. परवा मी एकटीच धरणावर गेले होते. धुकं विरळ होत होतं, आणि आधी आवाज आला, मग उथळ पाण्यात ती दिसली. चक्रवाक. एकवीस मोजले, पुन्हा मोजले, एकवीसच. आणि मग माझे पाय आपोआप गावाकडं वळले. ओसरीपाशी पोचले तेव्हा कुठं ध्यानात आलं की सांगायचं कुणाला? खाट काढून टाकली होती. तिथं रेखा ज्वारी पाखडत बसली होती. त्या दिवसानंतर, मामा गेल्याचा तेवढा फोन सोडला तर, आम्ही बोललो नव्हतो, मातीलाही नाही. मी परत फिरणार होते, पण तिनं मान वर केली.

"आली व्हय?" तिनं विचारलं.

"आली. एकवीस."

"आणखी कोणी बघितलं?"

मी नाही म्हणून मान हलवली. रेखानं सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले आणि पायात चप्पल सरकवली. "चला," ती म्हणाली, "म्या येते."