वास येतोय ना?

इस्पितळाच्या धुलाईघरात त्याला सगळे नाकोबा म्हणत. खोलीच्या त्या टोकाला कुणाच्या इस्त्रीखाली कापड करपायला लागलं, की हा या टोकावरून ओरडायचा, "अरे उचल, उचल!" बढाई तर विचारूच नका. साथ आली तेव्हा सिस्टर रोज सकाळी दारात उभी राहून प्रत्येकाला विचारू लागली, "ताप आहे? वास येतोय ना?" हा म्हणायचा, "सिस्टर, लसूण खाऊन आलात!" सगळे हसायचे, सिस्टरसुद्धा.

एका दुपारी त्याला इस्त्रीखालून धूर दिसला. दिसला, बरं का! वास आलाच नव्हता. जोडीला काम करणारी मावशी गाडा आणायला गेली होती. त्याने जळकी चादर ढिगाखाली कोंबली आणि फिनेलची बाटली नाकाला लावली. छे! नुसतं पाणी हुंगावं तसं.

सांगितलं असतं तर कुणी खाऊन टाकणार नव्हतं, रजासुद्धा भरपगारी होती. पण नाकोबाचं नाक गेलं म्हणून सगळे खिदळतील, हे त्याला सोसेना. सकाळी सिस्टरनं विचारलं, तर म्हणाला, "येतो की, झकास!" आणि गेला मावशीबरोबर घड्या घालायला. चादरीची दोन टोकं त्याच्या हातात, दोन तिच्या. दर घडीला दोघं समोरासमोर, तोंडाशी तोंड. उकाड्यानं मास्क हनुवटीवर.

आठवड्याच्या आत मावशी तापानं फणफणली. मग सगळ्यांची तपासणी झाली, त्यात हाही सापडला. "मावशीमुळे झालं बिचाऱ्याला," लोक म्हणाले. या पठ्ठ्यानं तोंडातून ब्र काढला नाही. हा घरी पडून बरा झाला, ती मात्र ऑक्सिजनवर होती. बायकोनं काही विचारलं, की तिच्यावरच खेकसायचा.

बऱ्याच दिवसांनी मावशी कामावर आली. दोन चादरी झाल्या न झाल्या, तोच धापा टाकत स्टुलावर टेकली. आज सांगायचंच, असं ठरवून तो जवळ गेला. पण तीच आधी बोलली, हात जोडून.

"माझ्यामुळे तुला भोगावं लागलं रे. घरी तुझी लहान लेकरं. माफ कर मला."

आणि हा शहाणा काय म्हणाला असेल?

"जाऊ द्या मावशी. मनाला लावून घेऊ नका."

बोलून गेला आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मावशीनं पदरानं डोळे पुसले.

"मनानं मोठा आहेस हो," ती म्हणाली. "आज कुठे मला झोप लागेल."