पहिल्या खोलीचा वारा

आमचे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, डोळे मिटून घरभर चालतात. त्यांना नीट दिसतं, आणि झोपेत चालायचा आजारही नाही. "मी सध्या हवा आहे," असं सांगतात आणि भिंतीला खांदा घासत पुढे जातात. वर्कशॉपमधले लोक त्यांना तंद्रीबुवा म्हणतात. मी मेव्हणी, त्यामुळे मला याहून वाईट म्हणायचा हक्क आहे आणि तो मी सोडत नाही.

पोटासाठी ते लेथ चालवतात. जिवासाठी त्यांच्याकडे एक गाडी आहे. दोन सीटची, बसकी, जुनी टर्बोवाली, कुणीतरी कंटाळून विकलेली. मागच्या शेडमध्ये ती इतकी वर्षं उभी आहे की मांजराच्या कित्येक पिढ्या तिच्या सीटवर वाढल्या. धावली की स्वप्नासारखी धावते म्हणे. पण धावली दोनदाच, आणि दोन्ही वेळा चौथ्या सिलिंडरचा पिस्टन वितळला.

दोष मॅनिफोल्डचा आहे, एवढं त्यांना कळलं होतं. मॅनिफोल्ड म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची लांबट पेटी. टर्बो नावाच्या पंख्याने दाबलेली हवा तिच्या एका टोकाने आत शिरते आणि ओळीने असलेल्या चार तोंडांतून चार सिलिंडरांत जाते. वाटणी सारखी व्हायला हवी, ती होत नव्हती. पेटीत डोकावून काही दिसत नव्हतं, म्हणून भावोजी स्वतः हवा होऊन बघत होते. जेवताना घास हातातच राहायचा. ताई म्हणायची, "आज वारा पडलाय वाटतं."

ताईच्या घराला पुढे दार, मग लांबलचक बोळ आणि बोळाच्या एका अंगाला खोल्या. दाराशेजारची पहिली खोली ताईची. ती कपडे शिवते, गिऱ्हाइकं तिथेच येतात, मशीन तिथेच, रात्रीची गादीही तिथेच. टोकाची खोली पिस्टन, प्लग आणि भावोजींची. त्या खोलीचं दार वाऱ्याने असं आपटायचं की त्यांनी ते तारेने बांधून ठेवलं होतं.

ताई वर्षानुवर्षं सांगायची, "या खोलीत जीव गुदमरतो हो माझा."

"अगं, तू तर दाराशीच बसतेस," भावोजी म्हणायचे आणि परत हवा व्हायचे.

एका दुपारी ताई कात्री घेऊन माझ्याकडे आली. कपड्यांची पिशवीसुद्धा नव्हती, फक्त कात्री. शिवणाऱ्या बाईने कात्री घरातून हलवली की समजावं, प्रकरण गंभीर आहे. "चार दिवस राहते," म्हणाली. चार दिवसांचे महिने झाले. माझ्याकडे ती गाढ झोपायची, घोरायचीसुद्धा, आणि मला त्या घोरण्याचा इतका राग यायचा, कारण इतकी वर्षं ही बाई झोपलीच नव्हती हे मला आत्ता कळत होतं.

मग एक दिवस म्हणाली, "टेम्पो बघ. मशीन घेऊन येऊ."

मशीन आलं की ती परत जाणार नाही, हे दोघींनाही माहीत होतं. "म्हणजे टाकलंस त्यांना?" मी विचारलं.

"टाकायला आधी हातात धरावं लागतं गं," ती म्हणाली. "त्यांचे हात रिकामे कधी होते?"

तिकडे काय चाललं होतं ते मला नंतर समजलं. भावोजींनी शेवटी करवत घेऊन मॅनिफोल्डचं वरचं अंग कापलं होतं. त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक बसवायचं, चारही तोंडांशी एकेक दोरा चिकटवायचा आणि ब्लोअरने हवा सोडायची, असा बेत होता. दोऱ्यासाठी ते ताईच्या खोलीत गेले. लाल रीळ सापडलं, टोक सापडेना, म्हणून तिच्या खुर्चीत बसले. त्या खुर्चीत ते पहिल्यांदाच बसत होते.

टोक सापडलं. दोरा बोटांतून खाली लोंबत राहिला. पुढचं दार सताड उघडं होतं, बोळातून वारा सूं करत जात होता, टोकाची तार तुटून तिथलं दार धाडधाड आपटत होतं. आणि दोरा हलत नव्हता. मानेवर घाम आला तरी ते तसेच बसून राहिले, दुपार कलेपर्यंत. मग दोरा धरून बोळातून चालत गेले, या वेळी डोळे उघडे ठेवून. टोकाच्या खोलीत तो आडवा झाला आणि हातातून सुटू बघायला लागला.

मॅनिफोल्डमध्येही तेच निघालं. हवा इतक्या जोरात आत यायची की जवळच्या तोंडाशी वळायचीच नाही. थेट मागच्या भिंतीवर आदळून तिथे साचायची. टोकाच्या चौथ्याला हवा जास्त आणि पेट्रोल तेवढंच, म्हणून तो तापून वितळायचा. पहिला मात्र हवेवाचून गुदमरत होता. त्याचा प्लग दर वेळी काळा निघायचा आणि भावोजी तो फडक्याने पुसून परत बसवायचे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

आम्ही टेम्पो घेऊन गेलो तर दारातच थबकलो. बोळ ओळखू येईना. खोल्यांच्या समोरच्या भिंतीपासून एक प्लायवूडची फळी तिरकी गेली होती, बोळ टोकाकडे हळूहळू अरुंद होत होता. ताईच्या दाराची चौकट कानशीने घासघासून गोल केली होती, घागरीच्या काठासारखी. उन्हात लाकडाचा भुसा तरंगत होता आणि टोकाचं दार गप्प होतं. भावोजी हातात टोपी घेऊन भिंतीशी उभे होते.

ताई आपल्या खोलीत गेली. खुर्चीच्या वर छतापासून एक लाल दोरा सोडलेला होता. तो हलत होता. फार नाही, पाण्यातल्या शेवाळासारखा, सावकाश. ताई त्याच्याखाली बसली. तिच्या कपाळावरची बट उडाली.

"आणि गाडी?" तिने विचारलं.

"मॅनिफोल्ड अजून उघडाच आहे. पेटी अशीच निमुळती करायचीय, पहिलं तोंड गोल करायचंय. वेल्डिंग राहिलंय." मग त्यांनी टोपीनेच चौकटीकडे दाखवलं. "आधी हे केलं."

"इतकी वर्षं सांगत होते मी."

"हो," भावोजी म्हणाले. "तू दाराशीच होतीस. मला वाटायचं, सगळ्यात आधी तुलाच मिळतंय."

ताईने पदराने डोळे पुसले, मशीनवरचं झाकण काढलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "टेम्पोवाल्याला चहा दे आणि जायला सांग. आणि माझी कात्री तुझ्याकडे राहिलीय, ती उद्या आणून दे."